जाकीट घातलेली हरळी

परवा मांजरसुंब्याच्या अलीकडं एका लॉन्सवर लग्न होतं, आमच्या भाचीच्या मुलीचं. ऊन असं की मांडवाच्या कापडातून सुद्धा चटके बसत होते. रोहिण्या निघाल्यावर लग्न धरलं की असंच होणार. बायका पंख्याखाली खुर्च्या ओढत होत्या आणि माझं लक्ष भलतीकडंच. कोपऱ्यात जिथं हिरवळीला टक्कल पडलं होतं, तिथं एक माणूस उकिडवा बसून मुठीनं काहीतरी टाकत होता. निळसर हिरवे दाणे. मी ताट तसंच ठेवलं आणि गेले.

"मावशी, चिखल हाय, साडी भरंल."

"भरू दे. दाखव बघू हातातलं."

त्यानं हसत हसत चिमूटभर तळहातावर ठेवलं. मी एक दाणा नखात धरून दाबला. वरचं कवच पिठासारखं फुटलं, आत गव्हाळ रंगाचं इवलंसं बी. खसखस तरी मोठी म्हणावी.

"हरळी ना रे ही?"

"लॉन हाय मावशी."

"हो, लॉनच. पण हरळीचं."

तो बघतच राहिला. त्याला काय सांगू, या निळ्या दाण्यापायी मी एक अख्खा मोसम काढलाय म्हणून. पंगत उठेपर्यंत मी तिथंच, पदर सावरून, त्याला प्रश्न विचारत बसले. सून म्हणाली, "आत्या, लोक बघायलेत." बघू देत. लग्नं काय, दर साली असतात.

तर हरळी. ज्याच्या घरी शेत आहे त्याला हा शब्द काढला तरी कपाळावर आठी येते. काळ्या रानात एकदा शिरली की गेलं रान. माझे वडील उन्हाळाभर कुदळ घेऊन हरळी खोदायचे आणि आम्ही भावंडं मागं काश्या वेचत जायचो. काश्या म्हणजे तिची जमिनीखालची मुळं, पांढरी, गाठीगाठीची, मोडली की गोडसर वास यायचा. आम्ही चोखायचो सुद्धा. वडील म्हणायचे, "हरळी आणि भाऊबंदकी, एक कांडी ऱ्हायली तरी पुन्यांदा फुटती." आणि याच हरळीची कोवळी पानं तोडून आई गणपतीला एकवीस दूर्वा वाहायची. लहानपणी मला याचं लई नवल वाटायचं. एकाच गवताला सकाळी हात जोडायचे आणि दुपारी कुदळ मारायची. आई म्हणायची, देवाला चिवट माणसंच आवडतात.

अशा हरळीचं बी विकत आणायचं, आणि वर त्याला रंगीत लेप दिलेला, ही गोष्ट आमच्या गावात पचायला किती जड गेली असेल, विचार करा.

ते चारा छावणीनंतरचं साल होतं. ओळीनं दोन वर्षं पाऊस रुसला होता. गुरं छावणीत, माणसंही गुरांपाशी छावणीतच. तिथून परत आलो तेव्हा गावातल्या गोठ्यांत निम्म्या दाव्यांना गुरं नव्हती. आमच्या बायकांच्या दूध संस्थेचं कसं व्हायचं, हा घोर होता. संस्था म्हणजे काय, वीस-बावीस जणी, एक खोली, दोन कॅन, आणि चेअरमन मी. मला चेअरमन केलं कारण मला वाचता येत होतं. वाचायला शिकले मी खताच्या गोण्यांवरून. नवरा गोणी रिकामी करायचा, मी ती धुवायची आणि धुताना अक्षरं जुळवायची. म्हणून पुस्तकापेक्षा गोणी मला अजून जवळची वाटते.

त्या साली गावानं पाझर तलावाखालच्या गायरानाचा एक उतार आम्हाला वैरणीसाठी वापरायला दिला. दिला म्हणजे काय, दुसऱ्या कुणाला नको होता. सगळा मुरूम. उन्हाळ्यात अनवाणी चाललं तर भाजणीच्या परातीत पाय ठेवल्यागत. तिथं गवत उगवलं तर संस्थेच्या गाई टिकणार. आणि गाई टिकण्यावर सगळ्यात जास्त कुणाचं अडलं असेल, तर माझ्या धाकट्या जावेचं, सोनाबाईचं.

सोनाबाई आणि तिचा नवरा बापूराव दर साली कोयत्यावर जायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवणार. आदल्या साली त्याच फळीवरून सोनाबाईचा पाय सटकला. मोळी डोक्यावर तशीच. कमरेत असं काही भरलं की घरी आल्यावर महिनाभर तिला वाकून चूल पेटवता येईना. तिनं ठरवलं, आता उसाच्या फडात जायचं नाही. पण नुसतं ठरवून कोण ऐकतंय? बापूराव वाईट माणूस नव्हता. त्याचं एवढंच म्हणणं, "घरी बसून खायचं काय?" तिच्याकडं उत्तर एकच, दावणीची कपिला गाय. छावणीत हाडं निघाली होती तिची, पण गाभण राहिली होती. दिवाळीच्या आसपास व्यायची होती.

सोनाबाई म्हणाली, "दसऱ्यापर्यंत गाईला पोटभर हिरवं दिसलं तर मी हितं राहीन. न्हाई दिसलं तर गाय बाजारात आन् मी फडात."

बापूराव म्हणाला, "कबूल."

आता हे बी कसं आलं ते सांगते. अंबाजोगाईत रशीदभाई म्हणून एक गृहस्थ होते. रोपं-बियाण्यांचा धंदा आणि लग्नाच्या लॉन्सवर हिरवळ करून द्यायचं काम. घाटनांदूरच्या बाजारात त्यांची माझी ओळख. दुष्काळात लॉन कोण करतंय? त्यांच्याकडं पोती पडून होती. मी सहज म्हणाले, मुरमावर टिकेल असं काही आहे का. ते म्हणाले, "बाई, आहे, पण तुम्ही मला शिव्या द्याल." आणि हरळीचं बी पुढं ठेवलं.

दोन तऱ्हेचं होतं. एक साधं, धुळीसारखं. फुंकर मारली तर उडून जाईल. दुसरं निळसर, गोलमटोल, बाजरीपेक्षा लहान पण हाताला लागणारं.

"हे काय, रंग लावलाय? जुनं बी खपवायचं काम दिसतंय."

"तौबा! रंग न्हाई बाई, जाकीट हाय ते. साधं बी नंगं असतंय, वाऱ्यानं उडतं, मुंगी पळवती. याला चुन्यासारखा लेप दिलाय. वजन येतं, जिथं टाकलं तिथं बसतं. लेप पाणी पितो आन् बीला चिटकून ओल धरतो. फकस्त कोंबड्यांना खाऊ देऊ नका आन् हात धुवा. त्यात बुरशीची दवा हाय."

"म्हणजे पोत्यात निम्मा लेपच की."

"आता आलं ना तुमच्या ध्यानात! तेच मी आधी सांगायला पायजे होतं," म्हणून तेच हसले. "निम्मा लेपच. बिया कमी येतात. पण येतात त्या रुजतात. आन् एक सांगतो, जाकीट चांगलं म्हणून आतला माणूस चांगला असं न्हाई. फोडून बघत जा."

मला हे बोलणं इतकं आवडलं की मी तिथंच दगडावर बसून वीस दाणे फोडले. दोन पोकळ निघाले. बाकी भरीव. रशीदभाई गिऱ्हाइकं सोडून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, बाई, असं कुणी आजवर मोजलं न्हाई. शेवटी लेपाचं एक पोतं आणि तुलनेला साध्या बियाची एक पिशवी घेऊन मी आले. पोतं पसंत पडलं नाही तर तेवढ्याला साधं बदलून न्यायचं, असं बोलणं झालं.

बायकांनी पोतं उघडलं आणि जो गलका झाला! आमच्यात चंद्रकला म्हणून एक होती, तोंडाची फटकळ पण हाताला उदार. ती म्हणाली, "आक्का, हरळीच पायजे होती तर माझ्या रानात यायचं. फुकट न्या, वर च्या पाजते!"

मी सांगितलं, काश्या रोवायच्या तर पंधरा दिवस पाणी पाजावं लागतं, आणि आपण पितोय टँकरचं.

"बरं, पण ह्या निळ्या गोळ्यांवर इस्वास कावून ठिवायचा?"

प्रश्न बरोबर होता. विश्वास ठेवायचाच कशाला, बघू की. आता बी पारखायची आमची बायकांची एकच रीत, घट. नवरात्रात आपण परडीत रानातली माती घेतो, धान्य पेरतो, मधोमध पाझरणारं मडकं ठेवतो आणि नऊ दिवसांत कुठलं धान्य कसं उगवलं यावरून सुगीचा अंदाज बांधतो. मी म्हटलं, दोन घट बसवू. एकात साधं, एकात लेपाचं. मोठ्या वयाच्या एकदोघी कानाला हात लावायला लागल्या, जेठात कुणी घट बसवतं का म्हणून. चंद्रकला म्हणाली, "देवीला सांगू, आई, यंदा परीक्षा आधी घेतलीय, दसऱ्याला निकाल दे." झालं. घट सोनाबाईच्या घरी बसवायचे ठरले. तिचं घर गार, आणि तिच्याइतकी नेमानं पाणी घालणारी दुसरी कोण होती?

नऊ दिवस आम्ही सगळ्या जात-येत तिच्या देवळीत डोकावायचो. सातव्या दिवशी सुईच्या टोकागत हिरवं दिसलं. ओल्या मातीला तो जो वास येतो, उंबऱ्याच्या आतला, थोडा राखेचा, थोडा कुंकवाचा, तो अजून माझ्या नाकात आहे. नवव्या दिवशी दोन्ही परड्या बाहेर अंगणात आणल्या.

दोन्ही सारख्या! अगदी जुळ्या बहिणी.

"झालं तर," चंद्रकला म्हणाली. "आन् उन्हाळ्यात जाकीट घालतंय कोण? द्या परत. साधंच आणू, बिया तरी जास्त येतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही मान हलली, खोटं कशाला बोलू. पण मनात काहीतरी टोचत होतं. रशीदभाई खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि परडीही खोटं बोलत नाही. मग दोघं खरे कसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं पोतं उचलायला मी सोनाबाईकडं गेले. ती शेण सारवत होती. मी सहज तुळशीला हात जोडले आणि बघते तर काय, तुळशीची माती निळी. एका बाजूनं ओघळ सुकलेला, निळसर हिरवा.

"सोना, तुळशीला काय घातलंस गं?"

"काय न्हाई आक्का. पानीच."

"कसलं पाणी?"

तिनं पोतेरं खाली ठेवलं. "बी धुतलेलं."

मी तुळशीतली निळी माती चिमटीत घेतली.

"घटाचं बी असं कसं घालू आक्का, बाजारातलं, कुणाकुणाचा हात लागल्यालं? फडक्यात बांधून तीनदा धुतलं. साधं बी धुतलं आन् हे बी. ह्याचं लई निळं पानी निघालं. मला वाटलं रंगच हाय. घटाचं पानी उकिरड्यावर कसं टाकू, म्हून तुळशीला घातलं."

आता काय म्हणावं! जाकीट तिनं धुऊन काढलं होतं. आम्ही नऊ दिवस साध्या बियाची साध्या बियाशी तुलना करत बसलो होतो. जुळ्या बहिणी नाही तर काय होणार?

मला आधी हसू फुटलं. मग तिचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. ती म्हणाली, "माझ्या गाईसाठी मागनं मागायचं होतं आक्का. उष्ट्या बियावर कसं मागू?" ज्याच्यावर आपला जीव अडलाय ते काम माणूस जरा जास्तच नीट करतं, आणि तिथंच चुकतं. हे मी पुढं खूप ठिकाणी बघितलं. सुईण घरच्या बाळंतपणात गोंधळते, मास्तर स्वतःच्या मुलाला गणित शिकवताना चुकतो. नवल वाटत नाही मला आता.

त्या दिवशी मात्र माझं कुतूहल असं पेटलं की मी पोतं उचलायचं विसरले. दुसरी एक गोष्ट डोक्यात आली होती. घटाला आपण रोज पाणी घालतो. उताराला कोण घालणार? मग घटानं दिलेलं उत्तर उताराला कसं लागू पडेल? बी धुतलं गेलं एवढीच चूक नव्हती. प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला होता.

आम्ही दोघी उतारावर गेलो. काळ्या मुंग्यांची एक लांब रांग चालली होती. मी रांगेच्या एका बाजूला चिमूटभर साधं बी ठेवलं, दुसऱ्या बाजूला लेपाचं, न धुतलेलं. आणि बसलो डोक्यावर पदर घेऊन. मुंग्या आल्या. साधं बी त्यांनी असं उचललं जसं काही त्यांच्याच लग्नाच्या अक्षता. लेपाच्या दाण्याभोवती एक मुंगी फिरली, मिशा लावल्या, दुसरीला सांगितलं बहुतेक, आणि दोघी निघून गेल्या. सोनाबाई इतकी वाकली होती की मी विचारलं, कंबर दुखत नाही का गं? म्हणाली, "दुखू दे, त्या काय करत्यात बघू द्या." मग आम्ही तांब्यातलं चार थेंब पाणी दोन्हीकडं टाकलं. साधं बी ज्या मुरमात होतं तो मुरूम बघता बघता सुकला. लेपाचा दाणा फुगला आणि हाताला बराच वेळ ओला लागत राहिला, दह्याच्या कवडीसारखा.

संध्याकाळी दूध घालायला बायका जमल्या. मी काही बोलायच्या आत सोनाबाई उभी राहिली. एरवी बैठकीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बी मी धुतलं. घट खोटा हाय. पोतं परत दिऊ नका."

मग चंद्रकला म्हणाली, "अगं सोने, साबन लावला न्हाईस हे काय कमी केलंस!" हशा पिकला. हसू ओसरल्यावर तीच हळू आवाजात म्हणाली, "मीबी धुतलंच असतं की. घटाला कोण बिनधुतलं घालतंय?"

पण चंद्रकला ती चंद्रकलाच. तिनं हट्ट धरला, थोडी जागा साध्या बियालाही ठेवायची, मुंगीच्या साक्षीवर सगळा उतार द्यायचा नाही. मला ते पटलं. मग आम्ही बी चाळलेल्या वाळूत मिसळून, एका ओळीत उभ्या राहून, वाऱ्याकडं पाठ करून फेकलं. रशीदभाईंनी बजावलं होतं, पुरू नका, नुसतं मातीला लावा. म्हणून बोराटीची काटेरी फांदी दोरीला बांधून वरून ओढली. गावातले पुरुष पाराखाली बसून बघत होते. एक जण ओरडला, "ओ चेअरमनबाई, पुढल्या साली काँग्रेस गवताचं बी आणा!" चंद्रकला म्हणाली, "आणू की, आधी तुमच्या धोतरावर पेरू!"

नंतर जे झालं ते सांगताना अजून छाती भरून येते, आणि थोडं गोंधळायलाही होतं, कारण सगळं काही लेपाच्या बाजूनं झालं नाही. एक हलकी सर आली, जमिनीचा वरचा पापुद्रा भिजला, आणि मग पाऊस गायब. बारा-तेरा दिवस नुसता वारा. उताराच्या तळाशी, जिथं तलावाचा पाझर होता, तिथं साधं आणि लेपाचं दोन्ही सारखंच उगवलं. तिथं जाकिटाची गरजच नव्हती. वरच्या मुरमावर साधं बी जवळपास दिसेना, मुंग्यांचं भलं झालं. लेपाचं बी मात्र वर आलं. पण त्यातलंही काही पहिल्या सरीला फसून लवकर फुटलं आणि उन्हात करपलं. ओल धरणारा दाणा लवकर जागा होतो आणि पाऊस पुढं चालला नाही तर तोच आधी मरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रशीदभाईंना विचारलं तर म्हणाले, "लॉनवर पाइप असतो बाई, मला कसं कळणार?" बघा, विकणाऱ्यालाही सगळं ठाऊक नसतं.

सोनाबाई रोज सकाळी उतारावर जाऊन पोटावर आडवी व्हायची आणि जमिनीच्या पातळीवरून बघायची. उभं राहून बघितलं तर लाल मुरूमच दिसायचा. आडवं होऊन बघितलं तर हिरवी झाक. तिनं मलाही तसं निजवलं एकदा. या वयात मी कधी अशी जमिनीला गाल लावून जग बघितलं नव्हतं. म्हणाली, "दिसलं का?" मी म्हटलं, दिसलं. खरं सांगायचं तर मला नीट दिसलं नव्हतं, चष्मा घरी होता.

मग पाऊस लागला, आणि एकदा हरळीला पाय रोवायला मिळाला की पुढचं काय सांगायचं! भाद्रपदात पहिला कापा घेतला. गाजावाजा करावा एवढी वैरण नव्हती. पण कपिलेच्या बरगड्या बुजल्या. दसऱ्याला बापूराव स्वतः उतारावर गेला, विळ्यानं पेंढी कापली, वजन घेतल्यागत हातात तोलली आणि घरी आणून गाईपुढं टाकली. तेवढंच. त्यानं मुकादमाला सांगितलं की यंदा कोयत्याला जोडीदार धाकटा भाऊ असेल.

टोळीचा ट्रॅक्टर आला त्या सकाळी आम्ही सगळ्या वेशीपाशी होतो. कालवा, पोरांची रडारड, ट्रॉलीत बांधलेली भांडी खणखणत होती. बापूराव वर चढून बसला. सोनाबाईनं भाकरीचं गाठोडं वर दिलं.

"गाय याली की सांगावा धाड," तो म्हणाला. "माझा खरवस ठिव."

"सहा म्हयने खरवस टिकतोय व्हय?" ती म्हणाली. "तुमी माघारी या, ताक देईन."

ट्रॉलीतली माणसं हसली, तोही हसला. ट्रॅक्टर हलला. दर साली ती त्या ट्रॉलीत गाठोड्यांवर बसलेली असायची आणि वळण येईपर्यंत गावाकडं बघायची. आम्ही खाली उभ्या राहून हात हलवायचो. त्या दिवशी हात हलवताना मी शेजारी बघितलं तर तिथं ती नव्हती. ट्रॅक्टर अजून वळणाला लागलाही नव्हता. ती विळा घेऊन, कंबर सांभाळत, उताराच्या वाटेला लागली होती. गाईच्या वैरणीची वेळ झाली होती.